मावळतीकडचा पहिला पत्रा

मी पत्रा बोलतोय. पन्हळीचा, जस्ताचा, आणि आता बराचसा गंजाचा. खरं सांगायचं तर मी बोलत नाही, वाजतो. चिमणी बसली तरी वाजतो, आणि माकड उतरलं तर सगळ्या गल्लीला बाहेर काढतो. एकदा तरी न वाजता, नीट चार गोष्टी बोलाव्यात असं फार दिवसांपासून मनात होतं. ते आजच बोलून घेतो, कारण मागच्या पंधरवड्यात मला छपरावरून खाली उतरवलं, आणि उतरताना असं काही कानावर पडलं की एकेचाळीस वर्षांचा भार हलका झाला.

घर जळगावचं, पिंप्राळ्याच्या बाजूचं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. आमची अकरा पत्र्यांची एक रांग, मावळतीपासून उगवतीपर्यंत. त्यातला मावळतीकडचा पहिला मी. पहिला म्हणून थोडा तोरा होता, तो आधीच कबूल करतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगता येणार नाही. वितळलेल्या जस्तात बुडी मारली, मग दोन रुळांमध्ये दाबून अंगावर पन्हळी पाडल्या, एवढं अंधुक आठवतं. पुढची आठवण एकदम जळगावच्या दुकानातली. आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. एक सडपातळ, उन्हाने काळवंडलेला माणूस आला, त्याने प्रत्येकाला बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावून आवाज ऐकला. दुकानदार हसला. पण हा माणूस रेल्वेतला गँगमन होता. रुळावर हातोडी मारून, नुसत्या आवाजावरून तडा ओळखणं हे त्याचं रोजचं काम होतं. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "हाऊ चांगला शे." आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र.

त्यांचं नाव आधार. मी त्यांना आधारभाऊ म्हणतो, कारण त्यांच्या गँगमधले सगळे तसंच म्हणायचे. नोकरी नरडाण्याच्या बाजूला होती, तिथून नुकतीच जळगावला बदली झाली होती. पिंप्राळ्यात एक छोटा प्लॉट घेऊन त्यांनी विटांच्या भिंती उभ्या केल्या होत्या. छप्पर तेवढं राहिलं होतं, आणि नेमकं त्याच वेळी भाड्याची खोली सोडायची पाळी आली.

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना होता. लिलाबाई, म्हणजे आधारभाऊंच्या मालकीण, अकरा दिवसांच्या बाळाला घेऊन त्या उघड्या घरात राहत होत्या. त्यांना आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. दार फक्त मावळतीच्या खोलीला बसलं होतं, म्हणून मुक्काम त्याच खोलीत. वर दोन जुनी लुगडी ताणून बांधलेली. जळगावचं मे महिन्यातलं ऊन ज्याने अंगावर घेतलंय त्याला लुगड्याची सावली म्हणजे काय ते सांगायला नको. पोराच्या अंगावर घामोळ्यांचा नुसता सडा पडला होता. अकरा दिवस ते दुपारचं म्हणून निजलं नव्हतं, रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

तो रविवार होता. नरडाण्याची जुनी गँग सकाळच्या पॅसेंजरने मदतीला आली होती, सहा जण. त्यांच्यात वयाने मोठे गिरधर नाना. छपराच्या कामात त्यांचा हात बसलेला होता. त्यांनी शिडीवर चढून वाऱ्याची दिशा पाहिली आणि उगवतीच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

इथे पत्र्याच्या कामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पाऊस मावळतीकडून, वाऱ्यावर बसून येतो. म्हणून पहिला पत्रा उगवतीला टाकायचा, दुसरा त्याच्या कडेवर चढवायचा, आणि असं मावळतीपर्यंत यायचं. मग पाऊस जोडांच्या पाठीवरून सरळ निघून जातो. हेच उलटीकडून केलं तर प्रत्येक जोडाचं तोंड पावसाकडे उघडं राहतं.

आधारभाऊंनी मला खांद्यावर घेतलं आणि ते मावळतीकडे निघाले.

"आधार, तिकडथून नको भो," गिरधर नाना म्हणाले. "मावळतीकडथून टाकात ते पाऊस जोडमा शिरी. जलमभर गळी."

"गळू दे, नाना."

"आरे, मग कसाले?"

"उगवतीकडथून टाकात ते हाई खोलीवर सावली येवाले सांज व्हई," आधारभाऊ म्हणाले. "पोऱ्या रडी ऱ्हायना. पह्यले त्याना डोकावर सावली व्हऊ दे."

नाना टोपी मागे सारून म्हणाले, "चाल मग, उचल." रूळ उचलताना देतात तशी हाक देऊन सगळ्यांनी मला वर घेतलं. मी वाशांवर टेकलो, हुक-बोल्ट आवळले गेले, आणि माझी सावली खाली त्या पोरावर पडली. तीन-चार पत्रे झाले तेव्हा बारा वाजले असतील. रडणं थांबलं. एवढी ठोकाठोक डोक्यावर चाललेली आणि ते पोर गाढ निजलं. लिलाबाईंनी वर पाहिलं, माझ्याकडे. आमचं बोलणं झालं तेव्हा बाकीची गँग वाशे ठोकत होती, त्या आवाजात ते ना गँगला ऐकू गेलं, ना लिलाबाईंना.

हे मी ऐकलं, गिरधर नानांनी ऐकलं, आणि नाना पुढे चार-सहा वर्षांत गेले. उरलो मी, आणि मला तोंड नाही.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या आणि दुसऱ्या पत्र्याच्या जोडातून गळायला लागलं. बाकीच्या जोडांवर डांबर धरलं, पण आमचा जोड पहिला मारा खाणारा, तिथे काही टिकेना. लिलाबाईंनी खाली एक पितळी पातेलं ठेवलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात त्या शिडी लावून वर आल्या. कपाशीच्या पऱ्हाट्या छपरावर पसरून वर पाणी मारलं की घर जरा निवतं, तसं आमच्याकडे सगळेच करतात. पऱ्हाट्या पसरता पसरता त्यांचं लक्ष जोडाकडे गेलं. त्यांनी कडेखाली बोट घातलं, मग शेजारच्या छपराकडे पाहिलं. शेजारचे जोड एकीकडे तोंड करून, आमचे दुसरीकडे. त्या बराच वेळ हातात पऱ्हाटी धरून बसल्या. बाई हुशार. त्यांना चूक कळली, पण चुकीचं कारण कळायला मार्ग नव्हता.

आता पंचाईत अशी होती की आधारभाऊंना या छपराचा भारी अभिमान. कोणी पाहुणा आला की, "एका दिवसात टाकलं, आपल्या गँगने, मिस्तरी लावला नाही," हे ठरलेलं वाक्य. लिलाबाई बाजूला उभ्या राहून ऐकायच्या आणि चहाला आधण ठेवायच्या. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की या माणसाला त्याची चूक कधी कळू द्यायची नाही. म्हणून पातेलं धान्याच्या कोठीमागे सरकलं. थेंबाचा आवाज येऊ नये म्हणून त्यात एक चिंधी घातली गेली. आधारभाऊ ड्युटीवरून यायच्या आत पाणी ओतलेलं, जमीन पुसलेली.

आणि आधारभाऊ? त्यांना हे सगळं सुरुवातीपासून माहीत होतं. एकदा कोठीतून ज्वारी काढताना पातेलं त्यांच्या हाताला लागलं. चिंधी उचलून पाहिली, पुन्हा होती तशी ठेवली, पातेलं होतं तिथे सरकवलं. मी वरून, फटीतून पाहत होतो. मग दरवर्षी चौदा एप्रिलला निळा झेंडा बांधायला म्हणून ते छपरावर चढत आणि पिशवीतून गुपचूप डांबराचा डबा काढत. झेंड्याची दोरी बांधायला पाच मिनिटं, आमच्या जोडाला अर्धा तास. सदऱ्यावर काळे डाग पडत. लिलाबाई ते डाग रेल्वेतलं ग्रीस समजून रॉकेलने घासून काढत. एप्रिलचं डांबर जुलैपर्यंत टिके, मग पातेल्याची पाळी.

असे आम्ही तिघं. खालून एक लपवतोय, वरून दुसरा बुजवतोय, आणि मी मधे. किती वेळा वाटलं, वाऱ्यावर जोरात आपटून सांगून टाकावं. आपटलोही. आधारभाऊ वर येऊन बोल्ट आवळून गेले.

पण तक्रार करायची म्हणून हे सांगत नाही. त्या घरात मी सुखात होतो. रुळावरून मालगाडी गेली की मी थरथरायचो आणि आधारभाऊ घड्याळाकडे न पाहता म्हणायचे, "आज वीस मिनिटं लेट." माझ्या अंगावर ज्वारीचे बिबडे-पापड वाळले, मिरच्या वाळल्या, पोरांचे चेंडू आपटले. नव्वद सालाच्या पुढेमागे टीव्हीचा अँटेना आला आणि चित्र नीट दिसावं म्हणून गल्लीतली निम्मी पोरं माझ्यावर नाचून गेली. माणसांची एक गंमत मी पाहिली. छप्पर गळेपर्यंत वर कोणी पाहत नाही. लिलाबाई मात्र पाहायच्या. दुपारी आडव्या झाल्या की माझ्याकडे बघत पडायच्या.

ज्या पोराच्या डोक्यावर मी पहिली सावली धरली, तो प्रशील. त्याच खोलीत अभ्यास करून तो शिक्षक झाला, आता नशिराबादच्या शाळेत आहे. त्याची मुलगी मृणाली यंदा दहावीला. आधारभाऊ निवृत्त झाले, गुडघे गेले, शिडी सुटली. झेंडा प्रशील बांधू लागला, पण डांबराचा डबा काही त्याच्या पिशवीत नव्हता. त्यामुळे गेली आठ-नऊ वर्षं आमचा जोड मोकळाच. माझी एक कड गंजाने खाल्ली. मागच्या जूनमध्ये मृणालीची विज्ञानाची वही भिजून लगदा झाली.

"आई, आता बास," प्रशील म्हणाला. "भिंतींना स्लॅबचं वजन झेपणार नाही, पण पत्रे तरी नवे टाकू. हल्ली उष्णता अडवणारा थर असलेले मिळतात. मृणालीचं वर्ष आहे."

"आजून धा वरीस काही व्हत नही त्याले," लिलाबाई म्हणाल्या.

"वही भिजली ना तिची."

"वही ठेवाले दुसरी जागा नही का घरमा?"

प्रशीलला आईचा हा हट्ट कळेना. सूनबाईंना वाटलं, जुन्या वस्तूंवर जीव असतो म्हाताऱ्या माणसांचा. मला ठाऊक होतं. पत्रे उघडले की मिस्तरी चूक पाहणार, आणि पाहिली की बोलणार. मुलासमोर, नातीसमोर, सगळ्या गल्लीसमोर. एकेचाळीस वर्षं झाकलेली गोष्ट एका दिवसात उघडी पडणार आणि आधारभाऊंची मान खाली जाणार, ही त्यांना धास्ती होती. मलाही धास्ती होती, पण वेगळी. मी भंगारात गेलो की खरं कारण सांगणारं एकच माणूस उरणार होतं, आणि ते तर कधीच सांगणार नव्हतं.

मृणालीच्या नावापुढे लिलाबाईंचं काही चाललं नाही. मिस्तरी ठरला, किरण नावाचा, नशिराबादचाच. कामाच्या दिवशी सकाळी लिलाबाईंनी त्याला चहा दिला आणि मोरीशी बाजूला घेतलं.

"भाऊ, वर काही उलटंसुलटं दिसनं ते त्यासना समोर बोलू नको. त्यासनी सोता टाकेल शेत पत्रा."

"नाही बोलणार, अक्का. आपल्याला काय करायचंय," किरण म्हणाला, आणि तो मनापासूनच म्हणाला.

पण कामाची सवय शब्दाला ऐकत नाही. या भागातली सगळी छपरं उघडायची ती मावळतीकडून, कारण शेवटचा पत्रा तिथे असतो आणि तोच सगळ्यांत वर. किरण सरळ माझ्याकडे आला. त्याने माझे बोल्ट कापले, मला हाताने उचललं. मी हललो नाही. त्याने पहार लावली. मी निघेना, कारण दुसरा पत्रा माझ्या कडेवर बसलेला. किरण वाकून पाहत राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "च्यायला, सुरुवातच उलटीकडून केलीय. कोणी टाकले हे? हे तर गळणारच होते."

खाली शेजारच्या लिंबाखाली आधारभाऊ खुर्चीवर बसले होते. प्रशील आणि मृणाली तिथेच सामान झाकत होते. सगळ्यांनी वर पाहिलं. किरणला आपली चूक कळली, पण बोललेलं परत कसं घेणार.

लिलाबाई पिठाच्या हातांनी घरातून बाहेर आल्या. "मीच सांगेल व्हतं तिकडथून टाका म्हनीसन," त्या भराभर म्हणाल्या. "मले काय समजस पत्रामधलं. त्यासनी काही चूक नही."

प्रशील हसला. "म्हणजे आई, माझी सगळी पुस्तकं तुझ्यामुळे भिजली?"

"हा. मन्हामुये."

आधारभाऊ काठी टेकत उठले. मी त्यांचा तो चेहरा पूर्वी एकदाच पाहिला होता, मला खांद्यावर घेतलं तेव्हा.

"तिनं काही सांगेल नही," ते म्हणाले. "मी टाकात. आनि मले माहीत व्हतं."

"काय माहीत होतं, बाबा?"

"गळी म्हनीसन. गिरधर नानानी सांगं व्हतं." मग ते प्रशीलकडे वळून, जरा सावकाश, बोलू लागले. "तू अकरा दिनना व्हता. डोकावर छप्पर नही. रडी रडी तुना आवाज बसना व्हता. उगवतीकडथून टाकतू ते तुम्हनी खोलीवर सावली येवाले सांज व्हती. म्हनीसन इकडथून टाकात. पाऊस सरना का परत नीट टाकसू म्हटलं. मग ऱ्हाईच गयं."

किरण वरून हळूच म्हणाला, "आबा, ही एकच खोली आधी उगवतीकडून मावळतीकडे टाकून, मधल्या जोडात पुढच्या पत्र्याची कड खाली सरकवली असती तर जमलं असतं."

"डोकं नही चालनं, भाऊ," आधारभाऊ म्हणाले. "पोरगं रडत व्हतं."

मृणालीने आजोबांचा हात धरला. लिलाबाई मात्र वळून घरात गेल्या. प्रशीलला वाटलं, आई रागावली. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ते पितळी पातेलं होतं, आत चिंधी तशीच. ते त्यांनी आधारभाऊंच्या पायाशी ठेवलं आणि स्वतः ओट्याच्या पायरीवर बसल्या.

"मंग इतला वरीस मले सांगं काब नही?"

"तुले गळकं घर दिधं, ते कोनता तोंडघाई सांगू?" आधारभाऊ म्हणाले. मग पातेल्याकडे बघून, "आनि तू हाई लपाडस ते मी पाह्यं व्हतं. म्हटलं, तिले वाटस का मले माहीत नही, ते तसंच ऱ्हाऊ दे."

"सदरावर डांबर ऱ्हाय," लिलाबाई स्वतःशीच म्हणाल्या. "मी म्हने ग्रीस शे."

त्यांनी पिठाचा हात कपाळाला लावला. मग डोळे पुसले, आणि सगळा चेहरा पांढरा करून घेतला. "त्या दिनले हाऊ दुपारना पह्यलांदा निजना," त्या प्रशीलकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी म्हटलं, रडी रडी थकना व्हई." आणि त्यांनी वर पाहिलं. एकेचाळीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसं, माझ्याकडे. या वेळी त्यांना कारण माहीत होतं. मी पत्रा आहे, मला रडू येत नाही, पण त्या वेळी वारा नसताना मी वाजलो हे किरणने ऐकलं.

मग उगवतीकडून काम सुरू झालं. अकरावा निघाला, दहावा निघाला. पहिला आलो होतो, सर्वांत शेवटी उतरलो. माझे भाऊबंद भंगारवाल्याच्या गाडीवर चढले. त्यांना मी निरोप दिला. त्यांचाही माझ्याइतकाच वाटा होता, फक्त गोष्ट माझ्या कडेवर घडली. मलाही गाडीकडे नेत होते तेवढ्यात आधारभाऊ म्हणाले, "हाऊ नको." त्यांनी बोटाच्या पेराने मला टकटक केलं, कान लावला. आवाज फुटका येत होता, मलाही कळत होतं. तरी ते म्हणाले, "चांगला शे."

नव्या छपराचा पहिला पत्रा उगवतीला पडला. आधारभाऊ खुर्ची उचलून तिथे जाऊन बसले होते आणि प्रत्येक जोड स्वतःच्या डोळ्यांनी तपासून घेत होते. किरणला त्यांनी भंडावून सोडलं. लिलाबाईंनी पातेलं चिंच लावून घासलं, आणि त्या दिवशी कामाच्या माणसांना वरण त्यातच झालं. आता ते चुलीजवळच्या मांडणीत, चारचौघांत बसतं.

माझी गंजलेली कड कापली आणि किरणने मला दोन लोखंडी खांबांवर ओट्याच्या मावळतीच्या बाजूला बसवलं. एकटाच आहे, त्यामुळे जोड नाही आणि गळायचा प्रश्न नाही. वरती नवे पत्रे निळे, गुळगुळीत, माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनाही वाजायला शिकायला वेळ लागेल.

मला आता काही मागायचं नाही. ज्याने टकटक करून मला निवडलं, ज्यांनी हाक देऊन वर चढवलं, जिने माझ्यासाठी पातेलं लपवलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. गिरधर नानांना ही बातमी कळायला हवी होती, एवढंच मनात येतं. आणि तुमच्याकडे एक विनवणी आहे. कुठल्या जुन्या घरावर उलटा टाकलेला पत्रा दिसला तर हसू नका. आधी विचारा, तो टाकला त्या दिवशी खाली कोण होतं.

चार वाजत आले. लिलाबाई तांदूळ निवडायला ओट्यावर येऊन बसल्यात, आधारभाऊ खुर्ची त्यांच्याजवळ सरकवतायत. मावळतीचं ऊन पायरीपर्यंत आलंय. बोलणं पुरे करतो, मला कामाला लागायचंय.